हात वर, काम बंद

आमच्या ह्यांचा फोन सकाळी दहालाच मान टाकायचा. शंभर टक्के चार्ज करून निघावं, कोपऱ्यावर पोचेपर्यंत चाळीस, आणि एक फोन घेतला की अंधार. चार वर्षांची बॅटरी, तिचा तरी काय दोष. मी म्हटलं, नवी टाकू या. हे म्हणाले, "तू ठरव."

तीन महिने ह्यांचं उत्तर एकच. भाजी कुठली? तू ठरव. पंखा लावू? तू ठरव. आणि हाच माणूस खोकी बनवायच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होता. तिथे ह्यांनी एक नियम घातला होता: कुणीही, अगदी कुणीही, हात वर केला की काम बंद, प्रश्न नंतर. एकदा साफसफाईच्या मावशींनी हात वर केला. जळका वास येतोय म्हणाल्या. ह्यांनी मोठं मशीन अर्धा दिवस बंद ठेवून उघडलं, तर आत काही नाही. माल उशिरा गेला. मालक सगळ्यांदेखत हसला, आणि महिन्याभरात ह्यांना मुदतीआधी घरी बसवलं. तेव्हापासून आपलं चुकलं का, हा किडा ह्यांचं डोकं पोखरतोय. तोंडाने कबूल करत नाहीत, पण मी काय कालची बायको आहे?

मला माझा पूर्वीचा, सगळ्यांवर खेकसणारा नवरा परत हवा होता. म्हणून त्या रविवारी मी नवी बॅटरी आणि हत्यारांचा छोटा संच टेबलावर मांडला आणि म्हटलं, "मीच उघडते. भाजीची सुरी चालेल ना?"

औषध लागू पडलं. हे ताडकन उठले. "सुरी? धातूचं टोक बॅटरीत घुसलं तर पेट घेईल ती. हो बाजूला."

पाऊण तासात आमच्या हॉलचा कारखाना झाला. फोनचं चार्जिंग आधी पाव भागाच्या खाली आणलं, मग तो बंद केला. ह्यांनी तो डोळ्यासमोर आडवा धरून कडेला कुठे फट दिसते का पाहिलं. "बॅटरी फुगलेली असती तर मी हातच लावला नसता. सरळ दुरुस्तीवाल्याकडे नेली असती." खिडक्या उघडल्या. पसरट डब्यात कोरडी वाळू आली. दोघांच्याही डोळ्यांवर प्लॅस्टिकचे चष्मे चढले.

"गोडसर वास आला, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा, की हात वर करायचा."

"मी तुमच्या कारखान्यात नाही."

"टेबलाशी बसलीस ना? मग आहेस."

पुढचं काम मात्र माझं होतं. मी घरातच पार्लर चालवते. कुणाच्या कानाला चटका न लावता केस कसे वाळवायचे हे मला कुणी शिकवायला नको. ड्रायर मंद ठेवून मी फोनच्या कडा फिरत्या हाताने गरम केल्या. खालचा डिंक सैल झाला तशी ह्यांनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून पाठ उचलली. कागदावर फोनचं चित्र काढून, प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रावर ठेवला. सगळ्यांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग बॅटरीच्या कडेने स्पिरिटचे दोन थेंब सोडले आणि दात साफ करायचा धागा तिच्याखालून हळूहळू करवतीसारखा ओढायला घेतला. जीभ दातांत धरलेली, कान लाल. किती दिवसांनी हा चेहरा बघतेय, असं मला वाटलं आणि भरून आलं.

तेवढ्यात वास आला. गोडसर. माझा हात आपोआप वर गेला.

मला वाटलं, विचारतील कसला वास, कुठे, भास झाला असेल. एक शब्द विचारला नाही. धागा खाली ठेवला, फोन वाळूच्या डब्यात, डबा बाल्कनीत, बाल्कनीचं दार बंद. आतल्या खोलीतल्या आमच्या पोरीला हाक मारली, आणि मिनिटाच्या आत आम्ही तिघं बाहेर जिन्यात.

वासही आमच्याबरोबर जिन्यात आला. मी नाक वळवत वळवत पोरीच्या हातापर्यंत पोचले. पाच नखं लाल, पाच स्वच्छ, मुठीत कापूस.

"काय झालं?" तिने विचारलं. "नेलपॉलिश तर काढत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, चुकलं माझं. उगाच थांबवलं तुम्हाला."

"उगाच कसं?" हे अगदी शांतपणे म्हणाले. "तुला वास आला, तू हात वर केलास. तुझं काम तेवढंच. शोधायचं काम माझं. काही सापडलं नाही म्हणून हात वर करणारा चुकत नाही. थांबणाराही चुकत नाही."

बोलले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"शेवटचं पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "तीन महिने तेवढंच ऐकायचं होतं मला."

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"बाबा, तुम्ही रडताय?" पोरीने विचारलं.

"स्पिरिट गेलं डोळ्यात."

"चष्मा घातलाय तुम्ही."

वासाचा उगम सापडला तरी अर्धा तास आम्हाला पायरीवर बसवून ठेवलंच. मग बाल्कनीत जाऊन उलट्या हाताने बॅटरी चाचपली, गार होती. उरलेला डिंक सुटला आणि ती न वाकता अलगद बाहेर आली. तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांसाठी बाजूला ठेवली, कचऱ्यात नाही. नवी बसली, स्क्रू आपापल्या जागी गेले, फोन उजळला.

मला वाटलं, पहिला फोन नणंदेला जाणार, कौतुक करून घ्यायला. ह्यांनी नंबर शोधला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, मी बोलतोय."

पलीकडून मावशी म्हणाल्या, "साहेब, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. मी आता ठरवलंय, कसलाही वास येवो, गप्प बसायचं."

हे खुर्चीतून उठले. "गप्प बसायचं नाही. त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं."

"हात करीन हो वर. पण बघून थांबेल कोण?"

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर येतो. सगळ्यांना बाहेर बोलवा. माझ्या जागी आलेला नवा साहेब एक हात बघून थांबत नसेल, तर सगळ्यांनी मिळून हात वर करायचे. मग बघू, मशीन कोण चालवतो ते."

मावशी हसायला लागल्या, आणि इकडे मीही.