दोऱ्यानं बांधलेली नळी

मी इंजिन बोलतोय. जरा खाकरून घेतो, घशात अजून जुन्या तेलाचा चिकटा आहे. मी मुठीत मावतो. रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पोटात मला बसवलं होतं. खेळण्यातलं म्हणून हसू नका. मी फिरवतो ते पातं माणसाच्या हाडापर्यंत जातं. एका माणसाच्या बाबतीत ते गेलं, आणि तेच सांगायला मी तोंड उघडलंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखीत होतो. पिस्टन सिलिंडरमध्ये असा घट्ट बसवलेला की मध्ये कागदाचा कपटा शिरू नये. पेट्रोल मला चालत नाही. मला मिथेनॉल, नायट्रो ही झटकन पेटणारी रसायनं आणि तेल यांचं मिश्रण लागतं. डोक्यात एक बारीक तार लाल तापते आणि त्यावर ते पेटतं. मिश्रणातलं तेलच मला वंगण देतं. इंधन कमी आणि हवा जास्त झाली की तेलही कमी पडतं, मी कोरडा पळतो आणि आतून भाजतो. सोबतच्या पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर छापलं होतं. माझ्या मालकानं ती पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मालक दातांचा डॉक्टर. त्याला अहो-जाहो करायची माझी इच्छा नाही. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. वरच्या मागच्या खोलीत त्याची आई शिलाई मशिनं दुरुस्त करायची. त्याच कमाईवर तिनं एकटीनं त्याला शिकवलं होतं. आता वय झालं म्हणून काम कमी केलेलं, तर लेकानं अर्ध्या टेबलावर माझा संसार मांडला.

खालून त्याचं बोलणं वर ऐकू यायचं. "झोपताना दात घासता का? नाही ना? अहो, अडकलेलं अन्न रात्रभर कुजतं. मग कीड लागणारच!" सांगायचा मात्र इतक्या मायेनं, की पेशंट मान खाली घालायचे.

आणि मी? रविवारी उडवून झालं की टाकीतलं उरलेलं इंधन काढायचं असतं, नळीत राहिलेलं जाळून टाकायचं असतं आणि आत चार थेंब तेल सोडायचं असतं. पाच मिनिटांचं काम. त्यानं ते एकदाही केलं नाही. उरलेलं इंधन हवेतली ओल ओढून घ्यायचं आणि माझ्या बेअरिंगना गंज चढायचा. अंगावर तेल, धूळ, गवताच्या काड्या आणि मेलेली चिलटं यांचा काळा थर बसला. हात पुसायला त्यानं ठेवलेलं फडकं एवढं घाण होतं की ते अंगाला लागलं तरी मला शिसारी यायची. त्याच फडक्यानं तो एकदा आईच्या मशिनची सुई पुसायला गेला, तेव्हा म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"अरे, हे धुऊन तरी टाक."

"आई, हे इंजिन आहे. घाण होणारच."

"माझीही मशिनंच होती की. चाळीस वर्षांत एकाही बाईच्या कापडाला डाग लागला नाही."

तो हसला. दात मात्र पांढरेशुभ्र.

पुढे टाकीतून माझ्याकडे येणाऱ्या नळीला बारीक भोक पडलं. टाकीच्या खाली, सांगाड्याच्या आड, बाहेरून दिसणार नाही अशा जागी. त्यातून हवा आत यायला लागली. मी हवेत असताना मध्येच गुदमरायचो, पुन्हा सावरायचो. डॉक्टरनं माझी इंधन कमी-जास्त करायची सुई फिरवून पाहिली. इंधन वाढवलं, कमी केलं, माझ्या डोक्यातली तार बदलली. शेवटी टाकी उचलली तेव्हा त्याला भोक दिसलं. हो, त्याला ते दिसलं होतं. नवी नळी आणायला बाजारात जावं लागलं असतं. त्यानं खाली जाऊन दातांत फिरवायचा मेणाचा दोरा आणला, भोकावर पाच-सहा वेढे घेतले, गाठ मारली आणि म्हणाला, "चालतंय."

तीन रविवार ते चाललं. म्हणजे मी कसंबसं चालवलं.

हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांच्या क्लबच्या मैदानाची निगा माळीबुवा राखायचे. गवत कापायचं, हद्दीचे झेंडे रोवायचे, शेडला कुलूप लावायचं. गवत कापायचं त्यांचं यंत्र माझ्याहून तिप्पट वयाचं, पण काम झालं की ते त्याची टाकी रिकामी करून, अंग पुसून, वर गोणपाट घालायचे. डिकीत पडल्या पडल्या मी ते पाहायचो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

चौथ्या रविवारी मी सुरू झालो आणि माळीबुवा चालता चालता थांबले.

"डॉक्टर, आवाज कोरडा येतोय."

"असू दे हो."

"धूरही नाही. आणि हे बघा, इथं नळीत बुडबुडे." त्यांनी बोट लावून दाखवलं. "हवा कुठून तरी आत येतेय. आज नका उडवू."

तिथे चार लोक उभे होते. डॉक्टरचे कान लाल झाले. "बुवा, तुम्ही आपलं गवत बघा," तो म्हणाला आणि त्यानं मला वर नेलं.

मला उडायचं नव्हतं, पण इंजिनाला नाही म्हणता येत नाही. लोकांना दाखवायचं म्हणून त्यानं मला शेडच्या अंगाला, झेंड्यांच्या बाहेर, खाली आणलं. तिथं हेलिकॉप्टर न्यायला सगळ्यांनाच बंदी होती. माझ्या आत आग आग होत होती. एक बुडबुडा आला, मग दुसरा, आणि मग नुसती हवाच. मी बंद पडलो, पातं मात्र फिरतच राहिलं आणि हेलिकॉप्टर शेडकडे कोसळलं. माळीबुवा शेडच्या दारात वाकून कुलूप उचलत होते. त्यांनी वर पाहिलं आणि तोंडापुढे हात धरला.

तोंड वाचलं. हात वाचला नाही.

मी मातीत आडवा पडलो होतो. अंगावर काहीतरी गरम सांडलं. ते तेल नव्हतं.

मला खरी किळस आली ती पुढच्या दहा मिनिटांत. माळीबुवांना गाडीत घालून नेलं आणि क्लबच्या अध्यक्षबाई धावत आल्या. "काय झालं?" डॉक्टर हात पुसत म्हणाला, "काय सांगू बाई, उडवायच्या आधी बुवांनी नळीला हात घातला. चौघांनी पाहिलंय. तिथंच काहीतरी सैल केलं त्यांनी."

चौघांनी माना हलवल्या. हात लावलेला त्यांनी खरंच पाहिला होता.

आठवड्याभरात क्लबची बैठक ठरली. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावला म्हणून माळीबुवांचं काम काढून घ्यायचं, असं बोललं जात होतं. डॉक्टरनं मला आईपुढे टेबलावर ठेवलं.

"आई, तुझा शब्द सगळे मानतात. हे उघडून बघ आणि बैठकीत एवढंच सांग, की इंजिन ठीक होतं, नळी बाहेरून ओढली गेली."

म्हातारीनं चष्मा लावला. आधी तिनं मला ब्रशनं घासलं. काळी घाण ताटलीत पडत राहिली, तिनं दोनदा ताटली बदलली. बेअरिंग फिरवून कानाशी धरलं. मग टाकी उचलली, आणि तिची बोटं थांबली.

दोरा तेल पिऊन तपकिरी झाला होता. गाठीवर धूळ घट्ट बसलेली. तिनं नखानं खरवडलं तर आत मेणाचा पांढरा रंग दिसला.

"हा कधीचा रे?"

डॉक्टरनं नजर ताटलीतल्या घाणीकडे वळवली.

"आजचा नाही. आठवड्याचाही नाही. आणि माळ्याच्या घरी हा दोरा कशाला असेल?"

"आई, माझं नाव आहे या गावात. पेशंट काय म्हणतील?"

"आणि त्या माणसाचा हात?"

"त्याचं मी बघेन ना! औषधपाणी सगळं करेन. तू फक्त एवढं सांग."

मी त्या फडक्याकडे पाहायचो, तसं म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "ऊठ इथून," ती म्हणाली. "हात धू आणि जेवायला बस."

बैठकीत ती स्वतः मला पिशवीत घालून घेऊन गेली. अध्यक्षबाईंपुढे मला ठेवलं, नळी ठेवली, दोरा ठेवला. ती म्हणाली, "भोक जुनं आहे. माझ्या मुलाला माहीत होतं. माळीबुवांनी खरं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही." मग ती खुर्चीवर बसली आणि पदरानं डोळे न पुसता चष्मा पुसत राहिली. चौघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. कालपर्यंत माना हलवणारे हेच. शी!

डॉक्टरला क्लबातून काढलं. माळीबुवांचं काम राहिलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वळत नाहीत.

म्हातारीनं मला नवी बेअरिंग घातली, नवी नळी लावली आणि लाकडी ठोकळ्यावर पक्कं बसवलं. एका दुपारी तिनं माळीबुवांना मागच्या अंगणात बोलावून घेतलं. डाव्या हातानं त्यांनी सुई हळूहळू फिरवली. मी सुरू झालो. निळसर धूर, ओला भरदार आवाज. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला नीट ऐकत होतं.

तेवढ्यात डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या दारातून आला. त्यानं माळीबुवांचा हात पाहिला, मग मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. दोनच शब्द लागतात.

"बघा," तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? इंजिन एकदम चांगलं आहे."

माळीबुवांनी नळी चिमटीत दाबली. मी बंद झालो. आत पेशंट वाट पाहत होता, डॉक्टर गेला.

आता टाकी रिकामी आहे, आत तेल आहे, अंगावर धुतलेलं कापड आहे. मी बरा आहे. म्हातारी थकलीय, आज ना उद्या हे टेबल कुणीतरी आवरेल. जो कुणी आवरेल त्याला माझी एवढीच विनवणी आहे: मला भंगारात घाला, वितळवा, नाल्यात टाका. डॉक्टरच्या हातात तेवढं देऊ नका.