चौदाव्या भागातली उदबत्ती

कोपरच्या लग्नाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी चारशे खुर्च्या भरल्या होत्या आणि उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. स्टेजवर नवरा-नवरी नव्हते, मोठा पडदा होता. 'ते बोलतात' या ऑनलाइन मालिकेचा चौदावा भाग तिथे पहिल्यांदा दाखवत होते. पडद्यावर मी होते, माझी आई शेवंती होती आणि आमच्या मध्ये हार घातलेला बाबांचा, दामाजींचा, फोटो.

फोटोशेजारी बसलेले, गेलेल्या माणसांचे निरोप सांगणारे दौलतदादा डोळे मिटून म्हणाले, "कुंडी दिसतेय. कढीपत्ता. सुकलाय... कुणीतरी रोज त्यात काहीतरी कडू ओततंय. दामाजी हसतायत, माऊली. म्हणतायत, शेवंती, तुझा काढा मी कधी प्यायलोच नाही."

लगेच पडद्यावर माझा एकटीचा चेहरा आला. मी रडत म्हणत होते, "बाबा काढा कढीपत्त्याला घालायचे. कुणालाच माहीत नव्हतं."

हॉलमध्ये हुंदके फुटले. माझ्या अंगावर काटा आला, कारण ते खरं होतं. बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी ठाण्याच्या हॉस्पिटलात त्यांनी मास्क बाजूला करून ते मला सांगितलं होतं. आईला सांग, म्हणाले होते. मी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर दादांनी डोळे उघडले. "आणि म्हणतायत, आता गोळ्या बंद कर. तुझ्या हृदयाजवळ मी बसलोय."

भाग संपला तसे खरे दौलतदादा माईक घेऊन स्टेजवर आले. पांढरा कुर्ता, मनगटावर महागडं घड्याळ. "आत्म्याला टॉवर लागत नाही, माऊली! रिचार्ज लागत नाही! फक्त श्रद्धा लागते. आणि हो, व्हिडिओखालची घंटी दाबा. घंटी दाबली की कंपनं वाढतात!"

चारशे माणसांनी घंटी दाबली. माझ्या आईनेही.

शूटिंगनंतर आई द्विधा मनःस्थितीत होती, गोळ्या चालू होत्या. एवढ्या लोकांना रडताना पाहिल्यावर तिची शंका गेली. घरी येऊन तिने स्टुलावर चढून गोळ्यांची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

आईच्या हृदयाची एक झडप कृत्रिम आहे. त्यावर रक्त गोठू नये म्हणून ती गोळी रोज लागते. डॉक्टरांना फोन केला तर ते ओरडलेच. "गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होईल. नाहीतर..." नाहीतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आई, एक तरी घे."

"हे सांगून गेलेत ना. तुझ्यासमोर सांगितलं."

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी रजा टाकली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला की मी धावत जायचे. ती दुपारी झोपली की तिच्या छातीकडे बघत बसायचे. आणखी एक भीती होती, ती मी कुणाला बोलले नाही. मी वाचणारी बाई, अशा दादा-बाबांवर आयुष्यभर हसलेली. पण कढीपत्त्याचं त्यांना कसं कळलं? भाग मी चार वेळा पाहिला. दादा बोलले, मग मी बोलले, मलाही तसंच आठवत होतं. ते खरं असेल तर गोळ्यांचंही खरं असेल का?

शनिवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राकडे गेले. टेंभी नाक्याच्या एका बाईंची रेसिपींची मालिका ती घरून एडिट करते.

"शूटिंग किती वेळ चाललेलं, ताई?"

"तीन तास. कळव्याला, एका फ्लॅटमध्ये. उपाशी बोलावलं होतं."

"आणि भाग बावीस मिनिटांचा. म्हणजे अडीच तासांहून जास्त कापलं." तिने व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. "आवाज असला की आपण फक्त ऐकतो, बघत नाही. ही एवढी मोठी उदबत्ती कसली?"

"दादांचा नियम आहे. फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या फोटोपुढे हातभर लांबीची एकच उदबत्ती लावायची. ती जळते तोवर आत्मा थांबतो म्हणे."

क्षिप्रा पुढे सरकली. मागे गेली, पुन्हा पुढे. "अरे देवा. यांनी स्वतःच फ्रेममध्ये घड्याळ ठेवलंय!"

"म्हणजे?"

"आमच्या रेसिपीवाल्या काकू शेवटी भाजी चाखून 'वा!' म्हणतात ना? तो शॉट आम्ही आधीच घेतो, भाजी गॅसवर चढायच्या आत. चमचा रिकामा असतो. नंतर शेवटी जोडतो. हे बघ, दादा कढीपत्ता म्हणतायत. उदबत्ती केवढी?"

"चार बोटं."

"आणि लगेच पुढचा तुझा शॉट."

पडद्यावर मी रडत होते. माझ्यापुढे उदबत्ती हातभर होती, नुकतीच पेटवलेली.

मग मला आठवलं. दादा बोलले तेव्हा मी एक शब्दही बोलले नव्हते, भीतीने गप्प झाले होते. आणि त्याच्या कितीतरी आधी, आई बाहेर बसलेली असताना, रसिका नावाच्या, त्यांच्याकडे काम करणाऱ्या गोड मुलीने माझ्या ओढणीला माईक लावून म्हटलं होतं, "ताई, नुसता माईक चेक करतोय हां. बाबांबद्दल काहीही बोला." दादा तेव्हा आतल्या खोलीत ध्यानाला बसले होते. कानाला हेडफोन लावून बसले असणार, आणि बाहेर कॅमेरा चालूच होता, हे आता कळलं.

क्षिप्राने व्हिडिओतली सहा चित्रं कागदावर छापली. आम्ही ती आईपुढे ठेवली. काही समजावलं नाही.

"काकू, रोज देवापुढे उदबत्ती लावता. ही ओळीने लावून द्या. आधीची आधी, नंतरची नंतर."

आईने चष्मा घातला. पहिलं चित्र माझं लागलं. मग तिचं स्वतःचं, पर्समधून गोळ्यांची डबी काढून रसिकाला दाखवतानाचं. तिथे उदबत्ती वीतभर होती. दौलतदादांचे मिटलेले डोळे सगळ्यात शेवटी आले.

तिने चित्रं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. "दुसरी लावली असेल."

क्षिप्राने शेवटचं चित्र तिच्याजवळ सरकवलं.

"नाही," तीच म्हणाली. "मी विचारलं होतं, विझत आली, दुसरी लावू का? तर तो दादा केवढ्याने खेकसला माझ्यावर." तिने चष्मा काढला. "म्हणजे हे बोललेच नाहीत."

"बोलले होते, आई. हॉस्पिटलात, मला. तुला सांग म्हणाले होते. मी तुझ्याआधी त्या माईकला सांगितलं."

"काय म्हणाले? नीट सांग."

"म्हणाले, कढीपत्ता मी मारला. काढा फार वाईट करते ती."

"वाईट?" आईचा आवाज चढला. "तीस वर्षं करतेय, तेव्हा नाही बोलले!" मग ती रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने. डोळे पुसून म्हणाली, "आणि गोळ्यांचं?"

"एक शब्दही नाही."

"नाहीच बोलायचे. स्वतःचं औषध चुकवतील, पण माझी गोळी आठच्या ठोक्याला हातावर ठेवायचे." ती उठली. "ती डबी काढ. माझा हात पोचत नाही."

तासाभरात आम्ही डॉक्टरांकडे होतो. रक्त तपासलं, हृदयाचा फोटो काढला. गुठळी नव्हती. तो निकाल हातात येईपर्यंत मी किती भ्यायले, ते लिहिता येत नाही.

चित्रं ओळीने लावून आम्ही व्हिडिओखाली टाकली. थोड्या वेळात ती तिथून नाहीशी झाली, म्हणून इथे लिहिते आहे. दुःखात माणूस खूप बोलतो आणि आपण काय बोललो ते विसरतो. कुणी तुमच्या गेलेल्या माणसाचा निरोप ऐकवू लागलं, तर न कापलेलं सगळं चित्रीकरण मागा. त्यांच्यासमोर, त्यांच्या दारात, त्यांच्या माणसांजवळ आपण काय काय बोललो, ते आठवून कागदावर लिहा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं तर वाद घालत बसू नका. उठा, डॉक्टरांकडे जा.

आई सहा दिवस गोळीशिवाय राहिली आणि वाचली. यात कुणाचा आशीर्वाद नव्हता. सातव्या दिवशी काय झालं असतं, ते मला माहीत नाही. दौलतदादांनाही माहीत नव्हतं.