मागून बोलणारी बाई

आदिनाथला चवीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि मानवत गावात हे फक्त त्याच्या बायकोला, राजेश्रीला, ठाऊक होतं. बाकी सहा हजार माणसं त्याला खवय्या समजून फॉलो करत होती. मोबाइल कव्हरांचं दुकान दुपारी बंद करून तो कुठल्या तरी हॉटेलात जाऊन बसायचा, पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अप्रतिम." भजी अप्रतिम, मिसळ अप्रतिम, एकदा तर बसस्टँडवरचं थंड पाणीसुद्धा अप्रतिम. गाढवाला गुळाची चव काय, असं राजेश्रीला दरवेळी वाटे. पण व्हिडिओसाठी मोबाइल धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती धरून उभी राहायची.

एका दुपारी मात्र तिच्याच्यानं राहवलं नाही. त्यानं भज्याला अप्रतिम म्हटलं आणि कॅमेऱ्यामागून ती बोलून गेली, "अप्रतिम म्हणं. मूठभर सोडा टाकलाय. आता रातभर पाणी पिताल अन् मलाबी उठवताल." आळशी आदिनाथनं ते कापलं नाही, तसंच टाकलं. तो व्हिडिओ पार पुण्या-मुंबईपर्यंत गेला. तेव्हापासून लोक तिच्या टोमण्यासाठी येत. खाली लिहीत, 'मागून बोलणाऱ्या ताई कुठायत?' आणि आदिनाथ आरशासमोर भांग पाडत म्हणे, "आपला चेहरा लोकांना आवडायलाय."

मग परभणीच्या एका मसाला कंपनीचं पत्र आलं. त्यांना त्यांच्या तयार येसराची जाहिरात करून हवी होती. येसर म्हणजे मराठवाड्याच्या लग्नातल्या आमटीचा जीव. ज्वारी, डाळ, खोबरं, धने, एकेक जिन्नस वेगळा भाजून कुटायचा. ते आता पाकिटात आलं होतं. आदिनाथनं पत्र सगळ्या बाजारात दाखवलं. चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'मानवतचे भूषण, खवय्या आदिनाथ यांचे हार्दिक अभिनंदन', आणि वर गॉगल घातलेला फोटो. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं. त्यानं पत्राचं दुसरं पान तेवढं कुणाला दाखवलं नाही. ते राजेश्रीला त्याच्या शर्टाच्या खिशात धुण्याच्या वेळी सापडलं. 'सौ. आदिनाथ यांचा आवाज व्हिडिओत असणे बंधनकारक आहे,' असं त्यात होतं. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ कुणाचं हे कंपनीनं लिहून कळवलं होतं, पण तिचं नाव मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

"हे काय?" तिनं पान समोर धरलं.

"सांगणारच व्हतो," तो म्हणाला. "तुला फक्त एक वाक्य बोलायचंय."

वाक्यही लिहून आलं होतं. आदिनाथ म्हणणार, अप्रतिम. मग ती म्हणणार, 'तुम्हाला काय कळतंय, हे तर माझ्या आईच्या हातचं.'

राजेश्रीनं पाकीट फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि मोरीत जाऊन थुंकली. कच्चं पीठ आणि वर तिखटाचा भपका. तिची आई धुरपताबाई सेलूजवळच्या खेड्यात राहायची. चाळीस वर्षं त्या गावातलं एक लग्न तिच्या येसरावाचून झालं नव्हतं. दर चैत्रात त्याचा एक डबा लेकीकडं यायचा. या भुशाला मायच्या हातचं म्हणायचं, या विचारानंच तिला शिसारी आली. "मी म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

आदिनाथ दोन दिवस न जेवता बसला, म्हणजे घरी जेवला नाही. पण खरं सांगायचं तर राजेश्रीलाच ते काम सोडवत नव्हतं. नवऱ्याला, सासरच्यांना, हॉटेलवाल्यांना आजवर ती जे बोलली ते बडबड म्हणून गेलं होतं. आता कुणीतरी त्याच आवाजासाठी करार धाडला होता. तिला तो हवा होता, आणि आपल्याला तो हवाय याचीही तिला चीड येत होती. शेवटी ती हो म्हणाली.

ठरल्या दिवशी कंपनीचा बालाजी आला. पंचविशीचा, अंगाला अत्तर, तोंडात पुस्तकी मराठी. पाकिटाची आमटी उकळली तर पीठ खाली बसलं आणि वर लालसर पाणी राहिलं.

"रंग येत नाहीये, ताई," बालाजी म्हणाला. "दिसायला तरी छान हवी."

"थांबा, दुसरी करते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथं तिला युक्ती सुचली. तिनं फळीवरचा मायचा डबा काढला आणि त्यातल्या येसराची आमटी केली. घरभर वास सुटला. वर तर्री आली. आता वाक्य म्हटलं तर ते खरंच होतं, आणि तिला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. बाहेर बसलेल्या दोघांपैकी एकालाही काही कळलं नाही. एक त्या मसाल्याचा विक्रेता आणि एक मानवतचं भूषण, आणि दोघांची नाकं नुसती चेहऱ्याला शोभा म्हणून.

"अप्रतिम," आदिनाथनं डोळे मिटले.

"तुमाला काय कळतंय," ती मागून म्हणाली, "हे तर माझ्या मायच्या हातचं."

"ताई, माय नको, आई म्हणा. सगळ्या महाराष्ट्राला कळलं पाहिजे."

ती आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

व्हिडिओ आठ दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला. दुकानांतून पाकिटं संपली. आदिनाथ चौकातल्या फ्लेक्सखालून मुद्दाम हळू गाडी चालवू लागला. राजेश्री मनात म्हणायची, जग मूर्ख आहे, मी मात्र खोटं बोलले नाही.

नवव्या दिवशी सकाळी मायचा फोन आला. तिकडं गावात, शेजारच्या कुसुमबाईचा फोन घेऊन ती अंगणात बसली होती.

"पाहिला तुझा व्हिडिओ," धुरपताबाई म्हणाली. "ते माझं येसर व्हतं."

राजेश्री हसली. "तुला कसं कळलं?"

"तर्रीवरून. चाळीस वर्षं आमटी वाढली मी."

"मंग मी खोटं न्हाई बोलले, माय. तुझ्या हातचं म्हणले, ते तुझ्याच हातचं व्हतं."

माय म्हणाली, "कुसुमबाईच्या सुनेनं दोन पाकिटं आणली. राजेश्रीताई म्हणली म्हणून आणली. पाव्हण्यांसमोर तिची फजिती झाली. मला इचारायली, मावशी, तुमचं येसर असंच असतंय का?"

राजेश्रीनं फळीवरच्या डब्याकडं पाहिलं.

"जावयाला चव कळत न्हाई," माय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. राजेश्री लोकांबद्दल ज्या सुरात बोलायची तो सूर होता तो, फक्त आज तिच्यावर आलेला. "त्येला काय बोलायचं? तुला कळत व्हती. कळून तू ते पीठ माझ्या नावानं इकलंस."

"माय, ऐक तर."

"यंदा तुझा डबा भरणार न्हाई. पाकीट हाय की तुझ्याकडं."

फोन बंद करायचं मायला कधीच जमायचं नाही. तो तसाच चालू राहिला. राजेश्रीनंही बंद केला नाही. पलीकडून मायचा आवाज येत होता, लांबून पण स्पष्ट. ती कुसुमबाईच्या सुनेला सांगत होती की ज्वारी आधी भाजायची, मंद जाळावर, आणि खोबरं सगळ्यात शेवटी.