सात वाजताची ऊब

विजेवरच्या गाडीच्या काचेवर हिमाची टोकं शाबूत होती. बोर्गहिल्डने टॉर्चचा झोत तिरका धरून खालच्या कडेपर्यंत पाहिलं. हीटर पाच मिनिटं जरी चालला असता, तरी तिथलं हिम वितळून पुन्हा गुळगुळीत गोठलं असतं. म्हणजे तो मध्येच बंद पडला नव्हता. सुरूच झाला नव्हता. बाहेर उणे सत्तावीस.

फोनवर गाडीच्या ॲपमध्ये एवढंच होतं : 'सात वाजताचं गरम करणं रद्द.' कोणी केलं, ते नव्हतं.

तिला ते विचारावंसंही वाटेना. नाताळात सिग्वे ट्रॉन्डहाइमहून आला होता. चार्जिंगची पेटी बिघडलेली पाहून त्याने साधी वायर लावून दिली आणि गाडीचं ॲप स्वतःच्या फोनवरही घेतलं. "मदतीला गं, आई." तेव्हापासून गाडी गारठलेली. दोन वर्षं तो मागे लागला होता, रोरोसचं घर विक, माझ्याजवळ फ्लॅट घे. ती 'वसंतात बघू' म्हणत आली. बहात्तराव्या वर्षीही ती मंगळवारी आणि गुरुवारी पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला जाई. शाळा सुटली की घर सुटायला कितीसा वेळ?

शेजारच्या ऑडलेफने त्याची डिझेलगाडी फाटकाशी उभी केली. "चल, बस. माझी म्हातारी खोकते, पण निघते!"

"माझीही निघेल. कोणी निघू दिली तर."

"भुताटकी?"

"भुतांना ॲप लागत नाही."

"पोटच्या पोरावर संशय घेतेस होय गं?"

"संशय नाही, अंदाज. तपासून बघणार आहे."

बुधवारी संध्याकाळी तिने फोनवर सिग्वेला खोटंच सांगितलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे. घरीच आहे मी." तोच रद्द करत असेल, तर उद्या करणार नाही.

गुरुवारी सात वाजता पुन्हा रद्द.

ती गाडीपाशी गेली. वायरवरचा दिवा विझलेला होता. वायर धरून ती कोठाराच्या भिंतीपर्यंत आली, तिथलं लाकडी झाकण उचललं. आत घड्याळ टिकटिकत होतं. तिच्या नवऱ्याने, आर्नफिनने, जुन्या डिझेलगाडीचं इंजिन गरम करायला लावलेलं. वीज पहाटे चार ते सहा, कारण सहाला तो डेअरीवर निघायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. रोज दोनच तास वीज मिळत होती, आणि ती समजत होती थंडीच चार्ज खाते. सातला वायरीत वीजच नसे, म्हणून गाडी स्वतःच गरम करणं रद्द करत होती.

तिने वायर घड्याळातून काढून शेजारच्या सॉकेटात लावली. दिवा हिरवा झाला. तिने ॲपवरून हीटर सुरू केला. मग तिने फोन लावला.

"सिग्वे, काल मी तुझ्याशी खोटं बोलले. हीटर तूच बंद करतोस असं वाटलं होतं मला."

"मी? आई, मी तर ते ॲप उघडलंसुद्धा नाही!"

"माहीत आहे आता. तू वायर बाबांच्या घड्याळात लावलीस."

तो मोठ्याने हसला. "बाबांनी थांबवली गाडी! विसरलोच मी ते घड्याळ." मग आवाज उतरला. "पण आई, एवढ्या थंडीत तू एकटी वायरी शोधत फिरतेस. माझ्याजवळच्या त्या फ्लॅटवाल्यांना मी काय कळवू? वसंतात?"

गाडीच्या काचेवर, खालच्या कडेला, बोटभर पट्टा ओला दिसू लागला होता.

"नको," ती म्हणाली. "मी येत नाही, सिग्वे. मी इथेच राहणार."