वीत्स्केची मान

“एकदा बर्फावर उतरलीस की पोराकडे बघायचं नाही,” असं सासूबाईंनी वीत्स्केला नोव्हेंबरातच बजावलं होतं. बाउक्ये, म्हणजे तिच्या सासूबाई, तरुणपणी गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंगच्या शर्यती मारलेल्या बाई. त्यांच्या वेळी पोरं घरी शेजारणीकडे असत आणि ठणठणीत असत म्हणे. वीत्स्केने हो हो म्हणत लंगोटांच्या पिशवीत सूचनांचा कागद कोंबला. टोपी कानांखालपर्यंत. द्राक्ष उभं चिरून, चार तुकडे करून. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली होती. वर्षाला किती पोरांच्या घशात द्राक्ष अडकतं ते तिला तोंडपाठ होतं.

वीत्स्केचा दहा महिन्यांचा येल्मर आजीच्या मांडीवर दुसऱ्या वळणापाशी, सहाव्या रांगेत बसायचा. खाली वीसेक जणी हेल्मेट घालून एकदमच सुटायच्या. सोळा फेऱ्या. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या फेरीला चिमूटभर गुण, बाकी सगळी कमाई शेवटच्या रेषेवर. तोवर दुसरीच्या पाठीआड राहून दम वाचवायचा, आणि कोणी निसटली की तिच्या मागे चिकटायचं.

पहिल्या शर्यतीत अकराव्या फेरीला येल्मरच्या डोक्यावर टोपी नव्हती. वीत्स्केने पाहिलं, आणि तेवढ्यात चौघी निसटल्या. दुसऱ्या शर्यतीत त्याच्या मुठीत अख्खं सॉसेज होतं. डिसेंबरात सासूबाई वैतागून खांबामागे जाऊन बसल्या. मग तर काय, वीत्स्केने सोळाही फेऱ्या त्यांना शोधण्यात घालवल्या आणि सतरावी आली.

जानेवारीत प्रशिक्षक डाउवेने हिशेब स्पष्ट सांगितला. पुढच्या वर्षी संघात चौघी. तिघी ठरल्यात. चौथी जागा हवी असेल, तर मार्चच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघींत यायचं, नाहीतर घरी बसायचं. वीत्स्के घरी बसायला घाबरत नव्हती, पण घरी बसून ती येल्मरचं काय करून ठेवेल याला सगळं घर घाबरत होतं. सासूबाईंनी तर तसं बोलूनही दाखवलं.

मग डाउवेने तिला समोर बसवून आधीच्या शर्यतींची चित्रफीत दाखवली. दर वेळी दुसऱ्या वळणावर तिचं हेल्मेट वर वळायचं आणि दर वेळी त्याच क्षणी फेन्ना सुटायची. फेन्ना पलीकडच्या संघातली, सगळ्यांत वेगवान.

“ती शेवटच्या फेरीच्या घंटेची वाट बघत नाही,” डाउवे म्हणाला. “तुझ्या मानेची बघते.”

वीत्स्के लाजेने लाल झाली. डाउवेला मात्र त्यात युक्ती दिसत होती. चौदाव्या फेरीला मान मुद्दाम वळवायची. फेन्ना लवकर सुटेल. तिच्या पाठीला चिकटून राहायचं, आणि शेवटच्या वळणानंतर ती दमली की बाजूने पुढे. नुसतं मान वळवल्याचं सोंग करायचं. बघायचं काही नाही.

मार्चमध्ये चौदाव्या फेरीला वीत्स्केने सोंग केलं. पण मान वळलीच होती, तर नजरही गेली.

सहाव्या रांगेतली जागा रिकामी होती.

फेन्ना सुटली. ठरल्याप्रमाणे वीत्स्के तिच्या मागे गेली, पण पुढचं काही ठरल्याप्रमाणे झालं नाही. शेवटच्या वळणाची वाट बघायला तिला सवडच नव्हती. शर्यत संपल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही, एवढं एकच तिला कळत होतं. म्हणून ती शर्यत संपवायला निघाली. घंटा झाली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय शिशाचे झाले, फेन्ना गेली, आणखी एक गेली. तिसरी हिच्या खांद्याला खांदा लावून होती.

रेषेनंतर ती थांबली नाही. फाटकातून तशीच बाहेर, बुटांच्या पात्यांसकट सिमेंटवर. मागे डाउवे पात्यांच्या नावाने ओरडत होता.

बाउक्ये प्रसाधनगृहात सापडल्या. येल्मर टेबलावर उघडाबंब, मजेत. टोपी मात्र कानांखालपर्यंत.

“बाराव्या फेरीलाच घाण केली त्याने,” सासूबाई म्हणाल्या. “कितवी आलीस?”

वीत्स्केला माहीत नव्हतं. तेवढ्यात डाउवे धापा टाकत दारापर्यंत आला, बायकांच्या खोलीत शिरायचं की नाही या विचारात थबकला आणि बाहेरूनच म्हणाला, “तिसरी. अर्ध्या पात्याने.” वर आणखी, “त्या पात्याचं आता काही खरं नाही.”

सासूबाईंनी लंगोटाची चिकटपट्टी दाबली. “मी मुद्दाम नाही हं उठले. पण पुढल्या वेळी आठव्या फेरीलाच उठेन. पहिली येशील.”

नवा मोसम सुरू होतोय. मान वळवणार नाही, असं वीत्स्केने डाउवेला लिहून दिलंय, आणि या वेळी ती ते पाळणार आहे. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी हेरेनवेन गावी ही बर्फावरची शर्यत बघायला गेलात, तर दुसऱ्या वळणापाशी, सहाव्या रांगेत एक आजी आणि हिरव्या टोपीचं पोर असेल. त्याच्या हातात काय आहे ते बघा. गोल असेल तर काढून घ्या. आजी काहीबाही बोलतील, ते मनावर घेऊ नका. आणि जागा रिकामी दिसली, तर जरा प्रसाधनगृहात डोकावून या ना.