जलेबी

१९७८ साली लखनौच्या एका कारखान्यात बॉयलरची नवी लोखंडी चिमणी जूनच्या आंधीत ताठ उभी राहिली आणि ऑक्टोबरच्या झुळकीत डोलायला लागली.

चिमणीखालच्या आपल्या केबिनमध्ये साठ्येसाहेब सगळ्या फिटरांसमोर कडाडले, "आंधीत हलली नाही अन् झुळकीत हलते? बोल्ट ढिले ठेवलेत तुम्ही, टिल्लू. तसं लिहून द्या!"

चिमणी उभारणाऱ्या इंजिनियर मधुकर टिल्लूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकूण एक बोल्ट त्यानं स्वतः तपासला होता.

"वारा चिमणीला वळसा घालून गेला की मागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे," तो म्हणाला. "झुळकीत त्यांचा ताल चिमणीच्या झोक्याशी जुळतो, आंधीत जुळत नाही. तो ताल मोडायलाच वरच्या टोकाला चिमणीभोवती वेटोळी घेत जाणारी पट्टी बसवायची होती."

"मग का नाही बसवलीत?"

मधुकरनं ड्रॉइंग टेबलावर आपटलं. पट्टीवर लाल काट मारलेली होती आणि शेजारी साहेबांच्याच अक्षरात सहीसकट लिहिलं होतं, 'ये जलेबी हटाओ.'

एक फिटर फिस्सकन हसला.

"भोवरे-बिवरे सब बकवास!" साहेब लालबुंद झाले. "चिमणी ठणठणीत आहे. बोल्ट ढिले होते, एवढंच लिहा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपलं टेबल चिमणीपासून लांब, गेटजवळच्या खोलीत नेलं.

मधुकरनं त्याच दुपारी अहवाल दिला: 'बोल्ट जागचे हललेले नाहीत. साहेबांचं टेबल हललं आहे.'