पेटीतलं काश्मीर

"दोन माणसांचं घर आणि अख्खी पेटी," स्कूटरला किक मारता मारता अनंतराव पुटपुटले. "कोपऱ्यावर सफरचंद मिळत नाही जणू!"

"सफरचंद मिळतं. गवत मिळत नाही," मांडीवर लाकडी पेटी सावरत सुनीती मागून म्हणाली.

दर रविवारी सकाळी हेच. सुनीती धायरीच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवायची, आणि तिचा भूगोल मार्केट यार्डात ट्रकमधून उतरायचा. माल खाली होईस्तोवर ती ड्रायव्हरला गाठायची. किती दिवस लागले? वाटेत नद्या कुठल्या? घरी आज काय शिजलं असेल? कांद्याला तुमच्यात काय म्हणतात? बिचारे चहाच्या आशेने थांबायचे आणि तोंडी परीक्षा देऊन जायचे. हमाल मच्छिंद्र तर हल्ली लांबूनच हाळी द्यायचा, "बाई, केरळ आलंय! अननस हाय!"

सोमवारी तिने पेटी वर्गात उघडली. सफरचंदांखालचं गवत बाकाबाकावरून फिरलं.

"वास घ्या. कशाचं असेल?"

"भाताचं!" पोरं धायरीची. शेतांवर इमारती उठल्या तरी नाकं शाबूत होती.

"बाई, काश्मिरात भात पिकतो?"

"पिकतो तर!" आणि सुनीती सांगत सुटली. मीठ घातलेला गुलाबी चहा, थंडीत अंगरख्याच्या आत धरायची निखाऱ्यांची टोपली. हातात सफरचंद असून पोरं खायची विसरली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची शकू, मच्छिंद्रची मुलगी, ताडकन उठली. "बाई, बर्फात पाय टाकला की आवाज कसा येतो?"

खडू फळ्यावरच थांबला. हे ड्रायव्हरला विचारायचं राहूनच गेलं होतं. असल्या प्रश्नांना ती बावीस वर्षं वळसे घालत आली होती. कधी घंटा मदतीला यायची, कधी "आधी नकाशा काढा पाहू." कुठे फिरायला जायचं म्हटलं, की आधी सासूबाईंचं आजारपण, मग अनंतरावांचं "पुढच्या वर्षी नक्की." घरात तो विषयही आता कुणी काढत नसे. पण बाईंनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे पोरांना कळलं, तर उद्यापासून कोण ऐकेल?

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

तिच्या मागच्याच बाकावरच्या जयसिंगने शकूचा फ्रॉक ओढला. "ए, बस की खाली," तो कुजबुजला, पण त्याची कुजबूज पार फळ्यापर्यंत पोचली. "बाईंना आसलं नाय इचारायचं ठरलंय ना आपलं?"

शकूने जीभ चावली. "इसरले रं."

सुनीतीने वर्गावरून नजर फिरवली. चाळीस माना खाली, चाळीस पोरं गवताच्या काड्या मोजत असल्यासारखी. कधीपासून सांभाळून घेत होती ही तिला?

तिने खडू खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"मला माहीत नाही, शकू. मी लोणावळ्याच्या पुढे कधी गेलेच नाही."